मागं राहण्याचं उदाहरण

मोरबी, गुजरात
रविवार, १ जून २०२५

तीर्थस्वरूप प्रफुलदादास,
निकेशचा नमस्कार.

मी इथं बरा आहे. तू, वहिनी, आईबाबा सगळे बरे असान असं धरून चालतो. ऊन इथं आपल्या वर्ध्यासारखंच आहे. फरक एवढाच की आपल्याकडं सावलीत बसलं की जिवाले बरं वाटते, इथं सावलीतही भट्टीची वाफ येते. टाइल्सच्या कारखान्यात भट्टी कधी बंदच होत नाई. माझी फोर्कलिफ्ट चांगली चालून राह्यली. जेवणाचंही ठीक आहे. या आठवड्यात तर वांग्याची भाजी अगदी घरच्यासारखी झालती, वरून हिरवा सांबार चिरून टाकलेली. मी नाई केली.

पत्र पाहून तू म्हणशीन, याले काय झालं, फोन असताना पत्र लिहून राह्यला. फोन केलता ना. तू म्हणला, "मीटिंगमध्ये आहे, थोडक्यात सांग." थोडक्यात सांगण्यासारखं ते नाई. अन् समजा तुले वेळ असता, तरी माझी दोन वाक्यं झाली की तिसरं तू दुरुस्त करत बसला असता. पत्रात तुले मधात बोलता येत नाई, म्हणून पत्र. माझं शुद्धलेखन सुधरवायचं असंन तर लाल पेन घेऊन बस, पण शेवटपर्यंत वाच.

आधी त्या व्हिडिओचं बोलतो. एप्रिलमध्ये वर्ध्याले आपल्या समाजानं गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला, तू प्रमुख पाहुणा होता. तुझं भाषण कोणीतरी घरच्या ग्रुपवर टाकलं. मी ते कँटीनमध्ये जेवता जेवता लावलं. बाजूले हरिदास होता. तो आपल्याच जिल्ह्यातला, समुद्रपूरचा, माझ्यासंगच गाडी चालवते.

"निकेश, तुझा भाऊ ना बे हा? आवाज मोठा कर ना, साहेब काय म्हणते ते पाहू."

मी मोठ्या कौतुकानं आवाज मोठा केला. कौतुकानंच, दादा. फेटा बांधलेला, गळ्यात हार, मागं पडद्यावर तुझं नाव अन् खाली राज्यकर निरीक्षक. मले वाटलं, पाहा लेकहो, माझा भाऊ.

मंग तू म्हणला, "संधी सगळ्यांना सारखीच मिळते. फरक असतो तो मेहनतीचा. लांब कशाला जायचं? एकाच ताटात जेवलेले आम्ही दोघे भाऊ. एक अधिकारी झाला, आणि एक आज परराज्यात मजुरी करतो. पुढे जाण्याचं उदाहरणही आमच्याच घरात आहे आणि मागे राहण्याचंही." टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर तू समोरच्या रांगेत हात दाखवला अन् म्हणला, "आणि माझी धाकटी बहीण दिपाली इथे बसली आहे. तिने यातलं कोणतं उदाहरण घ्यायचं ते ठरवलंय. यंदा ती डॉक्टरकीला लागणार, लिहून ठेवा." पुन्हा टाळ्या.

आमच्या टेबलावर कोणी टाळ्या वाजवल्या नाई. हरिदासनं रोटी मोडली अन् हळूच म्हणला, "जेव बाप्पा, थंडं होऊन राह्यलं."

मजुरी करतो याची मले लाज नाई. पण तू माझं नावही घेतलं नाई. नाव असलेल्या माणसाचा राग येऊ शकते, त्याले बोलावून विचारता येते. उदाहरणाले कोण विचारते? फळ्यावर लिहिलं, मुलांना दाखवलं, पुसलं.

तुले वाटंन, आता हा म्हणन की मी तुझ्यासाठी शाळा सोडली. नाई म्हणत. हरिदासलेही तसंच वाटलं होतं. मी त्याले म्हणलं, नाई रे, मी नववीत नापास झालो तो माझ्या पायानं झालो, बेंचवर माझं बूड टिकतच नव्हतं. आजही टिकत नाई. बुटीबोरी, पुणे, सुरत, आता मोरबी. पण एकच ताट म्हणतो ना तू, ते ताट जरा नीट आठवून पाह्य. तू दहावीत होता तेव्हा अण्णाजी सर तुले सेलूले आपल्या ओसरीत बसवून गणित शिकवत, कारण बाबा त्यायच्या घरी भाजी टाकत. मी नववीत आलो तोपर्यंत सर पोराकडं राहाले निघून गेलते अन् बाबाची कंबर बसलती. मंग रोज सकाळी भाजी घेऊन सेलूच्या बाजारात कोण जाईन? जो अभ्यास करत नाई तो. अन् जो बाजारात जाते तो अभ्यास करत नाई. यातलं आधी कोणतं झालं ते मले आजपर्यंत सांगता आलं नाई. तुले माइकवर पटकन सांगता आलं.

सिंदी मेघेच्या तुझ्या घराच्या वास्तुपूजेचंही राहून राहून आठवते. मी सुरतहून खास आलतो. हॉलमध्ये वहिनीचे वडील, वासुदेवराव, सोफ्यावर बसले होते. रिटायर हेडमास्तर, सगळ्यायची विचारपूस करून राह्यले होते. मले म्हणाले, "आपण काय करता?" मी तोंड उघडाच्या आधी तू म्हणला, "तो कंपनीत सुपरवायझर आहे."

मी तेव्हा फोर्कलिफ्टच चालवत होतो. तेच सांगणार होतो. चांगलं काम आहे ते, हात साफ लागते. पण तुले ते सांगाची लाज वाटली. मी दिवसभर सुपरवायझर म्हणून जेवलो. वासुदेवरावांनी तर पानाले चुना लावता लावता मले सांगतलंही, "चांगलं आहे, पण शिकायला हवं होतं. आमच्या काळी तर रॉकेलच्या दिव्यात शिकलो." मी म्हणलं, "हाव सर." आता मले सांग, घरात पाहुण्यांसमोर मी सुपरवायझर अन् स्टेजवर मजूर, हे कसं? जिथं जसा पाहिजे तसा तू मले वापरला.

पण हे सगळं मी गिळलं होतं. एप्रिलमध्येच लिहिणार होतो, मंग म्हणलं जाऊ दे, त्याचा चांगला दिवस आहे. आज लिहून राह्यलो ते माझ्यासाठी नाई.

दिपालीच्या फ्लेक्सचं तुले आठवते का? बारावीले तिले चांगले मार्क पडले अन् तू दुसऱ्याच दिवशी गावच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. तिचा फोटो, अन् खाली "भावी डॉक्टर". खाली शुभेच्छुक म्हणून तुझा फोटो, तिच्या फोटोपेक्षा उलसा मोठा. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा निकाल अजून लागला नव्हता, पेपर दिला होता फक्त. पण आपल्याकडं असंच असते, पोट्टीचे मार्क आले की गाव तिले पदवी देऊन मोकळं. शेजारची शालूबाई तर हप्त्याभरात घरी आलती, "डॉक्टरीणबाई, माह्ये गुडघे पाह्य वं, कोणती गोळी घेऊ?" दिपाली हसत हसत म्हणलती, "मावशी, अजून टाइम हाय." पहिल्या वर्षी ती हसत होती.

पहिल्यांदा नंबर लागला नाई. दुसऱ्यांदाही नाई. फ्लेक्स फाटला, तू दुसरा लावला नाई. बाबानं तो घरी आणला. बाबाले वस्तू फेकवत नाई, तुले माहीत आहे. त्यानं तो बाजारात भाजीवर सावलीसाठी बांधला. चार बांबू अन् वर पोरीचं तोंड. तिथं खाली पालक, मेथी, लाल भेद्रं. सुट्टीत आली की दिपाली बाबासंगं बाजारात बसत होती ना? मंग बसाचं बंद केलं. आईले वाटलं, आता शिकलेली पोरगी, भाजी विकाची लाज वाटत असंन. तुलेही तसंच वाटलं, तू तर तिले रागावलाही, "कामाची लाज बाळगायची नाही," म्हणून. लाज भाजीची नव्हती, दादा. चंद्रभान दलाल येत होता, वर पाहत होता, खाली पाहत होता अन् विचारत होता, "काय मधुकरराव, झाली का पोरगी डॉक्टर?" बाबा म्हणे, "होऊन राह्यली." ती तिथंच बसलेली. तिच्यासमोर.

हे मले बाबानं नाई सांगतलं. आईनं नाई. दिपालीनं सांगतलं.

आता ऐक अन् खुर्चीत नीट बस. दिपाली नागपूरच्या होस्टेलात नाई. ती तिथं क्लासच्या पोरींसंगं रिझल्टची वाट पाहत नाई बसली. ती इथं आहे, माझ्या खोलीवर. वांग्याची भाजी तिनंच केलती.

घाबरू नको, तब्येतीनं बरी आहे. मागच्या आठवड्यात रात्रपाळी करून मी बाहेर आलो तर गेटवर वॉचमन म्हणे, "तेरी बहन आयी है." मले वाटलं चेष्टा करून राह्यला. पाहतो तर दिपाली, पिंपळाखाली बसलेली, पाठीवर बॅग, हातात पुस्तकांची पिशवी. अहमदाबादेपर्यंत गाडीनं अन् पुढं बसनं, एकटी. मी म्हणलं, "काय झालं? घरी कोणाले काई झालं का?"

"नाई भाऊ. मले तुझ्याजवळ राह्यचं हाय."

पहिल्या दिवशी तर झोपली नुसती. दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवला, तशी म्हणाली, "मी पेपर दिलाच नाई."

तुमच्या सगळ्यांले तिनं फोनवर सांगतलं ना, पेपर बरा गेला? ती आत गेलीच नाई. सेंटरच्या गेटवर लाइनीत उभी होती. पोरींचे कानातले, ओढण्या काढून ठेवणं चालू होतं. तिचा नंबर आला अन् पाय उचललाच नाई. मागचे म्हणे, "चल ना." तिनं मागच्यायले पुढं जाऊ दिलं. मंग आणखी मागच्यायले. मंग गेट बंद झालं. पेपर कसा गेला, असा तुमचा मेसेज आलता तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडं रसवंतीत बसून होती. रिझल्ट लागन, तू तिचा नंबर टाकून पाह्यशीन अन् तुले गैरहजर दिसन. ते तुले असं दिसू नये म्हणून मी आधी सांगून राह्यलो.

मी तिले म्हणलं, "बरं केलं माझ्याकडं आली. आराम कर." मले खरंच वाटलं, मोठ्या भावाचा धाक आहे, लहान्याजवळ मन मोकळं होते, म्हणून आली असंन. मले बरंही वाटलं, खोटं काऊन बोलू. कोणी तरी माझ्याकडं आधाराले आलं.

मंग ती म्हणाली, "दादा म्हणला ना, घरात दोनच उदाहरणं हाय. पहिलं काई मले जमलं नाई. मंग मी दुसऱ्यात. म्हणून इथं आली."

दादा, समजलं का तुले? ती माझ्याकडं आसऱ्याले नाई आली. ती नापास झालेल्यांच्या जागी येऊन बसली. तू स्टेजवरून दोन खोल्या दाखवल्या, त्यातल्या दुसऱ्या खोलीत ती स्वतःहून आली अन् आतून कडी लावली.

मले इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभा राह्यलो. हे माझं काम आहे. माझं घर आहे. इथं मी सण करतो, हसतो, हरिदाससंगं पत्ते खेळतो, सुट्टीच्या दिवशी समुद्र पाहाले गेलो. हा काई शिक्षेचा कोपरा नाई, की ज्याले येत नाई त्यानं तिथं जाऊन उभं राहा. पण तुमचं सगळ्यांचं ऐकून ऐकून माझ्या सख्ख्या बहिणीलेही माझं जगणं म्हणजे शिक्षा वाटते. अन् ती शिक्षा ती मोठ्या आनंदानं भोगून राह्यली, हे त्याच्याहून वाईट. माझ्या मागं जाऊन पॅकिंगच्या ठेकेदाराले भेटून आली अन् कामाले लागली. टाइलीवर टिचकी मारून आवाज ऐकाचा, तडकलेली बाजूले काढाची. दिवसभर उभ्यानं. मी म्हणलं, "सोड हे, दिपे." तर म्हणे, "काऊन? तू करते ते चालते, मी केलं तर नाई चालत?" याले काय उत्तर देऊ? तू दे.

मी काई धुतल्या तांदळाचा नाई, तेही तिनंच दाखवून दिलं. परवा ओडिशाच्या एका माणसाच्या हातून पेट्या पडल्या. माझ्यापेक्षा वयानं मोठा, अंगठा लावते. मी गाडीवरून ओरडलो, "पढ़ लेते तो ये बोझा नहीं उठाना पड़ता." तो खाली मान घालून तुकडे वेचत राह्यला. घरी आल्यावर दिपाली म्हणाली, "भाऊ, तू त्याले जे म्हणला ते तर दादाचं भाषण झालं. नुसतं हिंदीत." मी जेवलो नाई मंग. त्या माणसाले दुसऱ्या दिवशी चहा पाजला. म्हणजे पाह्य, नववी नापास माणसालेही खाली पाहाले कोणीतरी लागतेच.

तिले मी लय समजावलं. म्हणलं, तू मूर्ख नाई, आळशी नाई, लाखो पोरं बसतात अन् जागा मूठभर असतात. कोणीतरी बाहेर राहणारच, सगळ्यायनं जीव दिला तरी राहणारच. ती ऐकते अन् मान डोलावते. जशी आई देवळात कीर्तनाले डोलावते तशी. एकदा तर म्हणाली, "भाऊ, तू असंच म्हणणार ना." राग नव्हता तिच्या बोलण्यात, मायाच होती. पण मले समजलं. नापास होण्यात काई नाई, असं नापास झालेल्या माणसानं सांगतलं तर त्याची काय किंमत? त्याले तर तसंच वाटणार. माझ्या शब्दाले तिच्याजवळ वजन नाई, दादा. वजन तुझ्या शब्दाले आहे. ते तूच घेऊन ठेवलं, माझं काढून.

म्हणून आता जे बोलतो ते बोलणार नव्हतो. तू सांगतलं होतं, कोणाले म्हणू नको. आजपर्यंत म्हणलं नाई, आईलेही नाई, हरिदासलेही नाई.

तू राज्यकर निरीक्षकाच्या पहिल्या यादीत नव्हता. निकाल लागला त्या दिवशी तुझं नाव नव्हतं. तू मले पुण्याच्या खोलीतून फोन केलता, मी बुटीबोरीले होतो, अन् तू रडत होता. मंग म्हणला, "निकेश, मी आणखी काय करायला पाहिजे होतं रे?" मी म्हणलं, काईच नाई, तू केलं तेवढं कोण करते. गावात तोपर्यंत लोकं तुले काय म्हणत होते तेही तुले माहीत आहे. मोठा साहेब होणार, भाकरी मोडून राह्यला बापाच्या. मंग किती तरी दिवसांनी पत्र आलं. वरच्या कोण्या पोरांनी दुसरी नोकरी घेतली, जागा सुटली अन् प्रतीक्षा यादीतून तुझा नंबर लागला.

मी तुझी मेहनत कमी नाई करून राह्यलो. मी ती डोळ्यांनं पाह्यली आहे. पण फोनवर रडत होता तेव्हाही तुझी मेहनत तेवढीच होती ना? मधल्या दिवसांत तू एक पानही जास्त वाचलं नव्हतं. कोण्या अनोळखी पोरानं दुसरीकडं सही केली अन् तू मागच्या उदाहरणातून पुढच्या उदाहरणात आला. त्यानं केली नसती तर? तर आज वर्ध्याच्या स्टेजवर दुसराच कोणी असता, अन् तू कुठं असता मले माहीत नाई. कदाचित तूही इथंच असता. अन् मी तुले चांगली गाडी शिकवली असती.

हे तिले माहीत नाई. तिले वाटते दादा पहिल्या झटक्यात लागला, कारण तुझ्या निवडीच्या फ्लेक्सवर जिद्द अन् मेहनत एवढंच होतं. हे मी सांगू शकतो तिले. कालपासून जिभेवर आहे. पण मी सांगतलं तर ती म्हणन, भाऊ दादावर जळते. अन् तसंही ते तुझं आहे, तूच सांगाचं.

तर तू ये. रिझल्टच्या आधी ये. गाडीचं रिझर्वेशन मिळत नसंन तर जसं तिले मिळालं तसं ये. एकटा ये. वासुदेवरावांना आणू नको, वहिनीले आणायचं असंन तर तिनं काई समजवायचं नाई या बोलीवर. येऊन तिले पुढच्या वर्षीचं बोलू नको. चौथ्यांदा बसाचं की नाई, नर्सिंगले जाचं की आणखी कुठं, की इथंच टाइला तपासाच्या, ते तिनं ठरवाचं, पण डोकं वर करून ठरवाचं, शिक्षा म्हणून नाई. माझ्या खोलीत बस अन् तिले तो फोन सांग. तू काय बोलला, किती रडला, मधले दिवस कसे काढले. बस, तेवढं. तुले ते स्टेजवर सांगाची गरज नाई. एका माणसाले सांगाचं आहे.

माझी माफी मांगत बसू नको. ते पाह्यल्यावर तिले वाटंन, माझ्यापायी भावाभावात भांडण झालं, अन् तेही ती स्वतःच्याच नावावर लिहून घेईन.

ती इथंच आली, दुसरीकडं कुठं गेली नाई. गेट बंद झाल्यावर तिले रस्ते खूप होते. हे मी एकदाच लिहितो, पुन्हा वाचशीन तेव्हा इथं थांबजो.

आईबाबांले सध्या काई सांगू नको. पत्र स्पीडपोस्टनं टाकतो. ती आता कामावरून येईन, त्याच्या आधी बंद करतो. तिले न विचारता लिहिलं आहे. तू आला नाई तर तिले हे कधीच समजणार नाई अन् मी तुझ्याबद्दल तिच्याजवळ एकही वाईट शब्द काढणार नाई. पण मंग मलेही त्या दिवशीपासून आम्ही, मी अन् दिपाली, दोनच भावंडं होतो असं धरून चालावं लागंन.

गेटवर निकेश मराठी म्हणून विचारजो. कोणीही सांगन.

तुले अजून दादाच म्हणणारा,
निकेश